मदत हवी आहे: जुनं मिलिंग मशीन कोल्हापूरहून देवरुखला आणायचंय, शेवटी पाखाडी आहे

साडेचारफुटी (४ मे)

नमस्कार मंडळी. लांबण लावतोय, पण अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट येतात.

मी आयटीआयचा टर्नर. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये २२ वर्षं लेथवर काढली, आता गावी असतो, देवरुखच्या जवळ. मागच्या पडवीत साडेचार फुटी लेथ, बेंच ग्राइंडर आणि वेल्डिंग आहे. ग्रासकटरचे शाफ्ट, पंपाचे बुश, काजूवाल्यांची किडूकमिडूक कामं चालतात. पण कीवे, म्हणजे शाफ्टवर चावीची खाच, पाडायचा म्हटला की जॉब रत्नागिरीला पाठवायचा आणि चार दिवस पार्टीचे फोन घ्यायचे. त्यामुळे मिलिंग घ्यायचं ठरवलंय.

कोल्हापुरात उद्यमनगरात एक बघून आलो. एम-वन-टीआर, म्हणजे टर्रेट मिलिंग. एचएमटी कंपनीचं नाही, त्याच धर्तीवरचं लोकल मेक. टेबल नऊ बाय बेचाळीस इंच, स्पिंडल (टूल फिरवणारा दांडा) आर-८ मापाचा, स्टेप पुली, २ एचपी थ्री फेज मोटर. मालक म्हणतो टनभर वजन आहे आणि तीन वर्षांपूर्वी ओव्हरहॉल केलंय. रंग ताजा हिरवा, इतका ताजा की माझ्या शर्टाला लागला. एक लाख साठ हजार सांगतोय. टेबलाचं हँडल पाव फेरा मोकळं फिरतं, मग टेबल हलायला लागतं. लेथचा बेड असता तर बोट फिरवून झीज सांगितली असती, मिलिंगमध्ये काय बघायचं ते कळत नाही.

आता खरी गोम. आमचं घर रस्त्याच्या खाली आहे. जांभ्याची पाखाडी, २३ पायऱ्या, साडेतीन फूट रुंद, दोन्ही अंगांना गडगा. लांबी साठ फूट आणि उतार बारा फूट धरा. लेथ आणला तेव्हा सुटा करून, बांबूला बांधून आठ गड्यांनी खांद्यावर नेला होता. त्यातले सहा आता मुंबईला आहेत आणि उरलेल्या दोघांच्या कमरा गेल्यात. डावीकडचा गडगा थोडा पाडला तर गाडी खाली येईल, पण तो चुलत्यांचा आहे आणि आमचं बोलणं बंद आहे.

शिवाय पडवी बाहेरच्या बाजूला सात फूट, आत भिंतीशी साडेआठ. जमीन कोब्याची. लाइट सिंगल फेज, संध्याकाळी १८० वर येते. मृगाला महिना उरलाय, एकदा पाऊस लागला की पाखाडीवर शेवाळ धरतं. घ्यावं का, आणि घेतलं तर खाली कसं न्यावं?

कोलेट (४ मे)

रंगावर जाऊ नका, रंग डब्यात मिळतो. परत जा आणि डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं घड्याळ), मॅग्नेटिक स्टँड घेऊन जा.

पाव फेऱ्याचा प्ले, म्हणजे मोकळीक, हा स्क्रू आणि नटचा आहे. नटला बऱ्याचदा मुद्दाम चीर दिलेली असते, आवळून घेता येतो, नाहीतर नवीन गनमेटलचा करता येतो. तुम्ही टर्नर आहात, स्वतःच कराल. त्याला घाबरू नका. घाबरायचं ते स्लाइडच्या झिजेला. टेबल मधोमध आणून गिब (स्लाइडमधली फट भरणारी पट्टी) इतका आवळा की हँडल जड लागेल. मग टेबल टोकापर्यंत न्या. टोकाला जाम झालं, तर मधला भाग खाल्लेला आहे, कारण सगळं आयुष्य त्याने मधेच काम केलंय. थोडं जड होणं चालतं, पार अडकलं तर मशीन सोडून द्या.

दुसरं, क्विल (स्पिंडल धरणारी, खाली-वर होणारी नळी) तीन इंच बाहेर काढून स्पिंडलला डायल लावा आणि हाताने पुढे-मागे ओढा. तिसरं, सर्वांत वरच्या स्पीडला वीस मिनिटं चालू ठेवा आणि मग नोजवर, म्हणजे स्पिंडलच्या खालच्या टोकावर, हात ठेवा. कोमट चालेल, हात काढावा लागला तर बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करा. टेबलावर ड्रिलचे खड्डे किती तेही मोजा. खड्ड्यांनी काम अडत नाही, पण आधीचा ऑपरेटर कसा होता ते कळतं.

मावळतीचा (५ मे)

एवढं कशाला? जेसीबी बोलवा, बकेटला साखळी लावा, गडग्यावरून उचलून थेट खळ्यात. लाइट शेतीपंपाच्या मीटरवरून घ्या, थ्री फेज फुकटात.

पहारवाला (५ मे)

वरच्या दोन्ही सूचना कृपया विसरा. शेतीपंपाचं कनेक्शन दुसऱ्या कामाला वापरलं तर महावितरणची कारवाई होते. आणि जेसीबी हे खोदायचं यंत्र आहे. बकेटला लटकवलेलं टनभर ओझं झोका घेतं, आणि हे मशीन डोक्याकडे जड.

मी भोसरीत वीस वर्षं मशीन शिफ्टिंगचं काम करतो, तर क्रमाने सांगतो. कोल्हापुरात गाडीत चढवायला हायड्रा, म्हणजे क्रेन, मिळेल. चढवण्याआधी नी (टेबल पेलणारा, खाली-वर होणारा भाग) खाली, रॅम (हेड पुढे-मागे नेणारा हात) पूर्ण आत, आणि हेड उलटं करून तोंड वर. त्याने वजनाचा मध्य खाली येतो. हेडचे चार बोल्ट सैल करताना खालून लाकूड द्या किंवा बेल्टने धरा. हेड फिरवणारा वर्म गिअर झिजलेला असला तर हेड एकदम फिरतं, माझ्या माणसाचं बोट त्यातच गेलं. नंतर सगळे लॉक आवळा.

छोटा हत्ती आणू नका, त्याची क्षमता पाऊण टनाच्या आसपास. टाटा ४०७ ट्रक घ्या. आंबा घाटात वळणावर मशीन सरकू नये म्हणून चारही कोपऱ्यांना बेल्ट बांधा. दोरी नको, दोरी ताणते. कॉलमखाली (मशीनचा उभा मुख्य खांब) रबर किंवा जुनं टायर घाला, लोखंडावर लोखंड साबणासारखं घसरतं.

पण मला विचाराल तर तुमच्या बाबतीत मशीन आख्खं आणूच नका. उद्यमनगरातच सुटं करा, तिथे हायड्रा आहे, इथे नाही. हेड मोटरसकट शंभरेक किलो, टेबल तेवढंच, नी त्याहून थोडी जास्त. हे चार-सहा माणसं बांबूवर नेतील. जड राहतो तो कॉलम, साडेतीनशेच्या आसपास. तो आडवा करून चार बाय चारच्या दोन लाकडांवर बांधा, घसरगाडी करा. पायऱ्यांवर फळ्या टाका. वरच्या बाजूला एखादं थोराड झाड आहे का?

साडेचारफुटी (५ मे)

रस्त्याच्या कडेला जुना फणस आहे, दोघांच्या कवेत येईल एवढा. पाखाडीच्या तोंडाशी काजू आहे, तो जास्त जवळ पडेल.

पहारवाला (५ मे)

काजूला हात लावू नका, ठिसूळ लाकूड, ओझं आलं की काडकन जातो. फणसाच्या बुंध्याला जाड दोराचे तीन वेढे घ्या आणि मोकळं टोक एका माणसाच्या हातात द्या. दोर नवा आणि जाड हवा, विहिरीचा नको. तीन वेढ्यांना साडेतीनशे किलो एक माणूस आरामात धरून ठेवतो आणि इंच इंच सोडतो. उतारावर पाइपचे रोलर अजिबात नकोत, लाकडावर लाकूड सरकू द्या. अडलं तर पहारेने टोचा. अडलेल्या मशीनचा वैताग येतो, तेवढ्यात चहा घ्या. धावलेलं मशीन खाली लेथवर जाऊन थांबेल. आणि ओझ्याच्या खालच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही. पोरं मोबाइल घेऊन नेमकी तिथेच उभी राहतात.

तारवाला (६ मे)

मोटरचं सांगतो. सिंगल फेज इन, थ्री फेज आउट असा व्हीएफडी (मोटरला थ्री फेज बनवून देणारा डबा) घ्या, २.२ किलोवॅटचा. तो २३० व्होल्टच देतो, म्हणून मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडा. सहा वायरी बाहेर असतील तर पत्त्या बदलून डेल्टा, म्हणजे कमी व्होल्टची जोडणी, करा, झालं. तीनच असतील तर स्टार, म्हणजे जास्त व्होल्टची जोडणी, आत बांधलेला आहे, तो वाइंडरकडून उघडून घ्यावा लागेल. मशीनवरचा फॉरवर्ड-रिव्हर्सचा स्विच व्हीएफडी आणि मोटरच्या मधे ठेवू नका, चालू असताना फिरवला की व्हीएफडी जातो. त्याच्या वायरी कंट्रोलला द्या. १८० व्होल्टला व्हीएफडी ट्रिप होऊ शकतो, जड कट सकाळी घ्या.

बिल पक्कं घ्या. राज्यातल्या राज्यात माल लाखाच्या वर असेल तर ई-वे बिल लागतं, ते विक्रेत्यालाच काढायला सांगा.

राजापूरकर (७ मे)

कोबा उखडा. सहा इंच काँक्रीट, जाळी टाकून, आत्ताच, म्हणजे मृगाच्या आत तीन आठवडे पाणी मारून होईल. खाली प्लास्टिकचा कागद घाला, नाहीतर जांभा वर्षभर ओल सोडत राहतो.

आणि उंची मोजलीत का? मशीनची उंची कॅटलॉगमध्ये असते, पण वरून ड्रॉ बार (कोलेट आवळून धरणारी लांब सळई) बाहेर काढायला लागणारी जागा कुणी सांगत नाही. माझा वासा आडवा आला. कोलेट, म्हणजे टूल पकडणारा चाप, बदलायचं म्हणजे दोन कौलं काढायची, असं दोन पावसाळे केलं.

साडेचारफुटी (११ मे)

परत जाऊन आलो. गिब आवळल्यावर टेबल शेवटच्या तीन इंचांत जड झालं, अडकलं नाही. क्विलला ०.०३ मिमी. नोज कोमट. सगळं त्याच्यासमोर वहीत लिहिलं, तेव्हा एक लाख पस्तीसला आला. इसार दिला. काँक्रीट काल टाकलं, भिंतीकडच्या बाजूला, जिथे साडेआठ फूट मिळतात. दोन वेळा पाणी आई मारते, माझ्यावर तिचा भरवसा नाही.

साडेचारफुटी (२ जून)

कॉलम खाली आला. सकाळी सातला सुरुवात, साडेदहाला पडवीत. फणसाचे तीन वेढे म्हणजे जादू आहे. दोर धरायला मी होतो, एका हाताने. दहाव्या पायरीवर घसरगाडीचं डावं लाकूड फळ्यांच्या सांध्यात अडलं आणि आम्ही खरोखर चहा घेतला. तेवढ्यात चुलते गडग्यापलीकडून बघत होते ते आत गेले आणि लांब पहार घेऊन आले. बोलले काहीच नाहीत. पहार टोचली, लाकूड सुटलं, पहार आमच्याकडेच ठेवून गेले.

ओव्हरहॉलचं म्हणाल तर, उद्यमनगरात टेबल आणि त्याच्या खालचं सॅडल उतरवलं तेव्हा नीच्या पोटात बिडाच्या भुकटीचा आणि तेलाचा चार बोटं जाड गाळ होता. पत्र्याने खरवडताना चार आण्याचं नाणं निघालं. चार आणे २०११ ला बंद झाले. मालकाला दाखवलं तर म्हणाला, ठेवा, मशीनबरोबर फ्री. ऑइलच्या दोन नळ्या पूर्ण बंद होत्या, पण सॅडलच्या खाली दोन्ही कडांना स्क्रॅपिंगच्या (हाताने खरवडून सपाट केल्याच्या) खुणा अजून दिसतात, म्हणजे तिथे झीज कमी.

हेड आणि टेबल अजून वर आहेत, ४०७ मधून उतरवून शेजाऱ्याच्या गोठ्यात ठेवलेत. काल रात्री वळवाची सर येऊन गेली. टेबलावर आत्ता नुसता तेलाचा हात फिरवून गोणपाट टाकलंय. एवढं पुरेल का?

राजापूरकर (२ जून)

गोणपाट आधी काढा, ते ओल धरतं. प्लास्टिकही नको, आतून घाम सुटतो. ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल जाड लावा, वर जुनी सुती चादर टाका आणि चादरीखाली साधा पिवळा बल्ब पेटता ठेवा, कापडाला टेकणार नाही असा. माझ्या मशीनखाली जून ते सप्टेंबर बल्ब असतो आणि त्याच्याशेजारी मांजर. आणि गोठ्यात एक दिवसही जास्त ठेवू नका, गोमूत्राच्या वाफेने दोन दिवसांत टेबल लाल होईल.

साडेचारफुटी (२ जून)

बल्ब लावला. टेबल उद्या सकाळीच खाली आणतो, माणसं चारच आहेत. पाचवं कुणी मिळतंय का ते बघायला पहार परत करायच्या निमित्ताने आत्ता चुलत्यांकडे चाललोय.