शब्दचर्चा : यकृताच्या आजारात मूत्रपिंड ‘निकामी’ होतं का?

प्रश्न : यकृताच्या रुग्णांसाठी माहितीपत्रक लिहिते आहे. ‘सिरॉसिसमध्ये मूत्रपिंड निकामी होऊ शकतं’ हे वाक्य बरोबर आहे का? (सिरॉसिस म्हणजे यकृत व्रणांनी कडक होणं.) आणि हेपॅटोरीनल सिंड्रोमला, म्हणजे यकृताच्या आजारामुळे मूत्रपिंडाचं काम बिघडण्याला, मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद : ‘निकामी’ सरसकट वापरू नका, अशी कळकळीची विनंती. निकामी म्हटलं की ती गोष्ट कायमची गेली, असंच घरचे धरून चालतात. हेपॅटोरीनल सिंड्रोममध्ये मूत्रपिंडाची रचना बहुतांशी शाबूत असते. अशा रुग्णांची मूत्रपिंडं मृत्यूनंतर इतरांना बसवली आणि ती काम करू लागली, हे १९६९ सालीच प्रसिद्ध झालं आहे. बिघाड असतो रक्ताभिसरणात. सिरॉसिसमध्ये आतड्यांकडच्या रक्तवाहिन्या सैलावतात, बाकीच्या शरीराला रक्त अपुरं पडतं आणि रक्तदाब टिकवण्याच्या धडपडीत मूत्रपिंडाच्या वाहिन्या आवळल्या जातात. नळाला पाणी आलं नाही म्हणून कोणी नळ निकामी झाला म्हणत नाही.

पारिभाषिक शब्द हवा असेल तर ‘यकृत-मूत्रपिंड संलक्षण’. पण पत्रकात ‘हेपॅटोरीनल सिंड्रोम’च ठेवा, डॉक्टरांच्या तोंडी आणि फाइलवर तेच असतं.

प्रश्न : मग कारणानुसार वेगवेगळे शब्द वापरावे लागतील?

प्रतिसाद : हो, कारण उपचार वेगळे आहेत. जलोदराचा एखादा रुग्ण घ्या. पोटातलं पाणी उतरावं म्हणून लघवीच्या गोळ्या चालू आहेत, त्यात जुलाब झाले. क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा आणि मूत्रपिंडं बाहेर टाकतात तो पदार्थ) ०.६ वरून १.२ झालं. रिपोर्टवर आकडा ‘नॉर्मल’च्या रकान्यात बसतो, पण स्नायू झिजलेल्या माणसाचं क्रिएटिनिन मुळात कमी असतं, इथे ते दुप्पट झालंय. गोळ्या थांबवून, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) शिरेतून देऊन ते उतरलं, तर ‘शरीरातलं पाणी कमी पडल्यामुळे मूत्रपिंडाचं काम मंदावलं’ असं सरळ लिहावं.

उतरलंच नाही, तर खरा पेच. एकीकडे हेपॅटोरीनल, दुसरीकडे मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी मरणं. हे दुसरं जंतुसंसर्ग, शॉक किंवा काही अँटिबायोटिक्समुळे होतं, आणि इथे ‘इजा’ हा शब्द चपखल बसतो. नलिकांना इजा झाली की लघवीत सोडियम जास्त जातं. हेपॅटोरीनलमध्ये अगदी कमी. मात्र लघवीच्या गोळ्या चालू असतील तर हा आकडा फसवतो. सूक्ष्मदर्शकाखाली लघवीत तपकिरी, कणीदार साचे (नलिकांत तयार होणारे नळीच्या आकाराचे कण) दिसले तर नलिकांकडे बोट जातं, पण कावीळ खूप वाढलेली असेल तर बिलिरुबिनमुळेही साचे तसे रंगतात.

आपल्याकडे ‘व्यवच्छेदक लक्षण’ असा छान शब्द आहे. हेपॅटोरीनलला तसं एकही लक्षण नाही. बाकीची कारणं बाजूला सारत तिथे पोचावं लागतं. लघवीत प्रथिनं किंवा रक्तपेशी बऱ्याच असतील, सोनोग्राफीत मूत्रपिंडं आकसलेली असतील, तर मूत्रपिंडाचाच आजार शोधायचा. हेपॅटायटिस बी आणि सी मूत्रपिंडातल्या रक्त गाळणाऱ्या गाळण्यांनाही सूज आणतात. हेपॅटोरीनलच्या निदानाच्या २०१५ च्या निकषांत दोन दिवस अल्ब्युमिन देऊन पाहायला सांगितलं होतं, २०२४ मध्ये ती मुदत २४ तासांवर आली. टर्लिप्रेसिन (सैलावलेल्या रक्तवाहिन्या आवळणारं औषध) लवकर सुरू करता यावं म्हणून हा बदल मोलाचा आहे.

दुसरा प्रतिसाद : ‘निकामी’ नको, मान्य. पण ‘काम मंदावणं’ वाचून लोक घरी बसून राहतील. हेपॅटोरीनल जीवघेणा आहे आणि त्यावरचा टिकाऊ उपाय यकृत प्रत्यारोपणच. ‘अचानक’ आणि ‘तातडीने’ हे दोन्ही शब्द वाक्यात यायलाच हवेत.

प्रश्नकर्ती : पटलं. आता असं लिहिते : ‘सिरॉसिसच्या रुग्णात मूत्रपिंडाचं काम अचानक कोलमडू शकतं. कारणं अनेक असतात आणि प्रत्येकाचा उपचार निराळा असतो. लघवी कमी झाली, ताप आला, जुलाब-उलट्या झाल्या किंवा काळी शी झाली तर तातडीने रुग्णालयात जा. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका.’

प्रतिसाद : ‘कोलमडणं’ उत्तम! कोलमडलेलं पुन्हा उभं राहू शकतं, आणि गांभीर्यही कमी होत नाही. फक्त ‘काळी शी’च्या पुढे ‘डांबरासारखी’ जोडा. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते.