न्यूट्रोफिल: गिळण्यापलीकडचं थोडं

न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी जंतू गिळतात आणि मरतात, बस्स, असं वाटतं. गिळतात हे खरंच, पण त्यांच्याकडे आणखी एक हत्यार आहे. २००४ साली बर्लिनमधल्या संशोधकांनी दाखवलं की न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए उलगडून पेशीबाहेर फेकू शकतात. त्या चिकट जाळ्याला जंतुनाशक प्रथिनं लगडलेली असतात आणि जंतू त्यात अडकतात. बहुतेकदा स्वतःचा जीव देऊन टाकलेलं जाळं! पण ते वेळेवर साफ झालं नाही तर घरच्यांनाच, म्हणजे आपल्याच शरीराला, भोवतं. रक्तवाहिनीत गुठळी धरायलाही ते हातभार लावतं.

गाउट या सांधे सुजण्याच्या आजारात तर जंतूच नसतो. सांध्यात युरिक आम्लाचे स्फटिक साचतात, न्यूट्रोफिल ते गिळायला धावतात, पचवता येत नाहीत, आणि आतली विकरं (एन्झाइम) बाहेर सांडतात. मग पायाचा अंगठा लालबुंद. कोल्चिसिन हे जुनं औषध पेशींमधल्या सूक्ष्मनलिका बिघडवून ही धावाधाव रोखतं.

'मग दाह असेल तर न्यूट्रोफिलच कमी का करत नाहीत?' असं एकांनी विचारलंय. त्यांची संख्या रक्ताच्या मायक्रोलिटरला ५०० च्या खाली गेली, की एरवी निरुपद्रवी असलेला जंतूही जिवावर उठतो. म्हणून केमोथेरपीनंतर संख्या घसरलेल्या रुग्णाला नुसता ताप आला तरी डॉक्टर लगेच अँटिबायोटिक सुरू करतात. पू दिसायची वाट बघून चालत नाही, कारण पू व्हायलाही न्यूट्रोफिलच लागतात. (पुवाचा हिरवट रंगसुद्धा त्यांच्याच मायलोपेरॉक्सिडेज या विकराचा.)