‘ब्रोच’ला मराठीत काय म्हणावं?

शंका : मध्ययुगीन युरोपातल्या उत्खननांच्या वर्णनात ‘ब्रोच’ पदोपदी येतो. ‘शोभेची पिन’ म्हटलं तर चालेल का?

– नाही चालणार. शोभेची पिन काढली तरी पदर जागेवर राहतो. स्वीडनमधल्या बिर्काच्या व्हायकिंग थडग्यांत स्त्रियांच्या खांद्यांपाशी लंबगोल, फुगीर ब्रोचांची जोडी सापडते. ती काढली तर झगाच खाली येईल. झग्याच्या मागच्या पट्ट्याचा एक फासा आणि पुढच्या काठाचा दुसरा, दोन्ही ब्रोचमागच्या काट्यात ओवलेले असत. इथे ‘फासा’च म्हणावं, ‘नाडी’ नको; नाडीला गाठ मारावी लागते. हे लिननचे (जवसाच्या धाग्याच्या कापडाचे) फासे टिकले ते धातूतल्या तांब्यामुळे: त्याचे क्षार कुजवणाऱ्या जंतूंना मारतात. म्हणून ब्रोचची पाठ घाईने घासू नये, गंजाबरोबर कापडही जातं.

– मग ‘बक्कल’?

– तेही घोटाळ्याचं. इंग्लंडात तेराव्या-चौदाव्या शतकातले कड्यासारखे ब्रोच बकलासारखेच दिसतात. कड्यावर काट्यासाठी मुद्दाम बारीक केलेली जागा किंवा भोक असेल तर तो बहुधा ब्रोच. त्याला अडकवणी नसते. कापडाची चुणी कड्यातून वर ओढायची, काटा तिच्यातून आरपार घालायचा, मग कापड मागे खेचायचं. काट्याचं टोक कड्यावर टेकतं आणि कापडाच्या ताणानेच तिथे राहतं. कापड सैल पडलं की काटा सुटतो.

– तुटक कड्याच्या ब्रोचचं काय?

– त्याला ‘तुटक’ म्हणू नका, मोडका वाटेल. ‘खुलं कडं’ म्हणा. काटा कापडात टोचायचा, कड्यातली फट त्याच्यावरून सरकवायची आणि कडं थोडं फिरवायचं. फट बाजूला गेली की काटा अडकला. आयर्लंडात 1850 साली बेटीस्टाउनला मिळालेला प्रसिद्ध ‘तारा ब्रोच’ मात्र या जातीचा दिसतो, पण नाही. त्याची फट बुजवलेली आहे, त्यामुळे कडं फिरवून काटा अडकवता येत नाही. नक्षी तेवढी जुन्या घडणीची आठवण ठेवते.

– थोडक्यात, एक शब्द पुरणार नाही?

– ‘ब्रोच’ तसाच ठेवा. आपली बाराबंदी बंदांनी बांधायची, साडी खोचायची. कापड धातूच्या काट्याने धरायची सवय कमी, मग शब्द कुठून येणार? भागांची नावं मात्र सोनाराकडून आणि शिंप्याकडून घ्यावीत: कडं, काटा, फासा, गुंडी. ‘फिरकी’ घेऊ नका. फिरकीला आटे असतात, यातल्या एकाही ब्रोचला नाहीत.