घरचा डिओ लावून काखा लाल झाल्यात, हे 'डिटॉक्स' आहे का?

लिंबूटिंबू
मंडळी, मदत हवीये. पांढऱ्या शर्टांना काखेत पिवळे डाग पडून कापड पुठ्ठ्यासारखं कडक व्हायला लागलं म्हणून तीन आठवड्यांपूर्वी अ‍ॅल्युमिनियमवाला रोल-ऑन बंद केला आणि घरीच डिओ बनवला, खोबरेल तेल, आरारूट, बेकिंग सोडा, सगळं सारख्या मापात. पहिले चार दिवस एकदम मस्त, वासाचं नावच नाही. पाचव्या दिवसापासून खाज आणि आता दोन्ही काखा लालबुंद, हात नुसता खाली सोडला तरी चुरचुरतं. नेटवर वाचलं की हे 'डिटॉक्स' आहे, विष बाहेर पडतंय, कळ काढा. किती काढू? शिवाय शर्ट आधीपेक्षा जास्त भिजतोय. नाहीतर 'अ‍ॅल्युमिनियम-फ्री' लिहिलेला तुरटीचा खडा मिळतो तो घेऊ का?

खटपट्या
अहो कळबिळ काही काढू नका, आधी ते धुवून टाका. काखेतून विष वगैरे बाहेर पडत नसतं, ते काम लिव्हर आणि किडनीचं. तुम्हाला सोडा लागलाय. आपल्या त्वचेचा पीएच साधारण 5 च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी, आणि सोड्याचा 8 च्या वर. त्यात तुमचं माप म्हणजे एक तृतीयांश सोडा!! शिवाय तो तेलात विरघळत नाही, खडे तसेच राहतात आणि काखेत दिवसभर घासत बसतात. मीही हेच करून बसलोय, वर शहाणपणा म्हणून ताज्या शेव्हिंगवर लावलं होतं, बोंबललो अक्षरशः. त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत काहीच लावू नका, आठवड्यात उतरलं नाही किंवा पाणी सुटायला लागलं तर डॉक्टरना दाखवा.

नावात_काय_आहे
तुरटीबद्दल. तुरटी म्हणजे पोटॅशियम अ‍ॅल्युमिनियम सल्फेट. नावातच अ‍ॅल्युमिनियम आहे! तरी त्यावर फ्री कसं छापतात देव जाणे, बहुतेक 'क्लोरोहायड्रेट (रोल-ऑनमधला नेहमीचा अ‍ॅल्युमिनियमचा क्षार) नाही' असं म्हणायचं असतं. तुरटी वाईट आहे असं नाही हं, वासाचे जंतू कमी करते, पण अ‍ॅल्युमिनियम टाळायचंच ठरवलं असेल तर ती यादीतून बाद.

आणि शर्ट भिजतोय ते बरोबरच आहे. अँटीपर्स्पिरंटमधले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी बूच बसवतात, म्हणून घामच कमी येतो. डिओ घाम थांबवत नाही, फक्त वासाचं बघतो. घामाला स्वतःचा वास जवळपास नसतोच, काखेतले जंतू तो खातात तेव्हा वास सुटतो. त्यामुळे ज्याच्यावर नुसतं 'डिओडरंट' लिहिलंय त्यात बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियम आधीपासूनच नसतं, उगाच 'नॅचरल'चे जास्त पैसे मोजू नका, मागची घटकांची यादी वाचा. 'अ‍ॅल्युमिनियम' किंवा 'अ‍ॅलम' (म्हणजे तुरटी) दिसलं की ठेवा परत.

लिंबूटिंबू
हात्तिच्या, म्हणजे तुरटीपण गेली. मग सोड्याऐवजी काय घालू? आणि अ‍ॅल्युमिनियमवाल्या रोल-ऑनने कॅन्सर होतो असं जे फॉरवर्ड फिरतं ते खरं का?

नावात_काय_आहे
स्तनाच्या कॅन्सरशी ठोस संबंध सिद्ध झालेला नाही. किडनीचा आजार असेल तर मात्र अँटीपर्स्पिरंट डॉक्टरना विचारून वापरा, तशी सूचना अमेरिकेत पॅकवरच छापतात. डागांसाठी सोडलंत ना, तेवढं कारण पुरेसं आहे की.

खटपट्या
सोड्याऐवजी मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. मिल्क ऑफ मॅग्नेशियात असतं तेच, पावडर मिळते. पाण्यात जेमतेम विरघळतं म्हणून सोड्यापेक्षा सौम्य पडतं. माझं माप: शिया बटर 3 चमचे, खोबरेल 2, मधमाशांचं मेण 1, आरारूट 3, ही पावडर 1. मेण घालाच, कारण खोबरेल 24 अंशांच्या आसपास वितळतं आणि मग डबीत नुसतं तेल हिंदकळतं. पातेल्यात पाणी गरम करून त्यात वाटी ठेवून आधी मेण वितळवा, मग बटर आणि तेल. खाली उतरवून पावडरी चाळून घाला आणि घट्ट व्हायला लागेपर्यंत ढवळत राहा, मी एकदा मध्येच फोन घ्यायला गेलो तर सगळी पावडर तळाशी, वर नुसतं तेल, महिनाभर काखेत तेल चोळलं आणि म्हणत होतो हे चालत कसं नाही. एसेन्शियल ऑइल पहिल्या खेपेला नकोच. लिंबाचा रस तर अजिबात नको, नाव काहीही असो तुमचं :)

लावताना वाटाण्याएवढंच, काख कोरडी करून. त्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघा.

लिंबूटिंबू
😂 सोड्याची डबी आत्ताच रिकामी केली, आता त्या सोड्याने सिंक घासतेय. काखा बऱ्या झाल्या की मॅग्नेशियमवालं करून बघते. तोवर गडद रंगाचे शर्ट.