सल्ला हवा: गुडघेदुखीच्या डेझर्टेशनसाठी पायाची ताकद कशी मोजू?

एमपीटी_दुसरंवर्ष
नमस्कार. धावणाऱ्या मुलींमधल्या पटेलोफिमोरल (गुडघ्याच्या वाटीभोवतीच्या) दुखण्यावर काम करतेय. क्वाड्रिसेप्स (मांडीचा पुढचा स्नायू) आणि हिप अ‍ॅबडक्टरची (पाय बाजूला नेणारे स्नायू) ताकद, क्यू अँगल (कमरेच्या हाडापासून वाटीपर्यंत आणि तिथून नडगीपर्यंतच्या रेषांमधला कोन) आणि एका पायाच्या स्क्वॉटमध्ये गुडघा आत झुकतो का, एवढं मोजायचंय. आयसोकायनेटिक मशीन (ठरावीक वेगात ताकद मोजणारं) नाही, हातात धरायचा डायनॅमोमीटर (जोर मोजणारं यंत्र) आहे. गाईड सर म्हणतात, एमएमटी ग्रेड (हाताने विरोध करून ताकदीला ० ते ५ मध्ये दिलेली श्रेणी) पुरेत. पुरतील?

गुडघेवाला
नाही पुरणार. धावणाऱ्या मुली आहेत, बहुतेक सगळ्या ग्रेड ५ येतील. मग फरक दिसणार कुठे? डायनॅमोमीटरच घे, पण हाताने दाबून धरू नकोस. क्वाड्रिसेप्सचा जोर तुझ्या हाताला पेलला नाही, तर रीडिंग तुझ्याच ताकदीचं येतं. रुग्ण प्लिंथच्या (तपासणीच्या टेबलाच्या) कडेला, गुडघा ९० अंशांत. न ताणणारा पट्टा प्लिंथच्या पायाला बांध आणि डायनॅमोमीटर त्यात अडकव. सांध्यापासून पॅडपर्यंतचं अंतर मीटरमध्ये मोज, न्यूटनला त्याने गुण आणि वजनाने भाग. हे केलं नाहीस तर उंच आणि बुटक्या मुलींची तुलनाच होणार नाही.

आणि प्रत्येक रीडिंगसोबत तेव्हा किती दुखलं तेही लिही. स्नायू कमजोर आहे की दुखल्यामुळे जोर लागला नाही, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. माझ्या मते या विषयात सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं.

सायली_फिजिओ
क्यू अँगल झोपून की उभ्याने, क्वाड्रिसेप्स सैल की आवळलेला, यावर बदलतो. एकच स्थिती ठरव. तो स्थिर कोन आहे, स्क्वॉटमध्ये गुडघा कुठे जाईल हे त्यावरून सांगू नकोस. त्यासाठी मोबाईल ट्रायपॉडवर, गुडघ्याच्या उंचीला, बरोबर समोर ठेव. अंतर सगळ्यांसाठी तेच. किनोव्हिया हे व्हिडिओ सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात कोन काढ. मात्र त्या कोनात मांडीचं आत वळणंही मिसळलेलं असतं, म्हणून त्याला नुसतं ‘व्हॅल्गस’ (गुडघा आत झुकणं) न म्हणता फ्रंटल प्लेन प्रोजेक्शन अँगल (समोरून दिसणारा कोन) लिही.

एमपीटी_दुसरंवर्ष
खूप आभार! पायलटमध्ये (आधीच्या छोट्या चाचणीत) आयसीसी (पुन्हा मोजल्यावर आकडे किती जुळतात ते) चांगला आला की झालं ना?

गुडघेवाला
त्यावर थांबू नकोस, एसईएम (मोजमापात साधारण किती चूक असते ते) काढ. त्याला १.९६ आणि √२ ने गुणलं की एमडीसी (खरा मानता येईल असा किमान बदल) मिळतो. एकाच मुलीत त्याहून कमी बदल दिसला तर तो मोजण्यातलाच फरक असू शकतो.

सायली_फिजिओ
जमलं तर मोजणारी व्यक्ती वेगळी ठेव, आणि कोणता पाय दुखतो हे तिला आधी सांगू नकोस. रुग्णालाही तसं बजावून ठेव, त्या हमखास बोलून जातात.