चर्चा : ५ लाखांचं आरोग्य कवच सरसकट सगळ्यांना. सामान्य माणसाचं भलं झालं की नुकसान?

संत्रानगरी
महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा विस्तार २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं ठरला आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आला. कुटुंबामागं वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, ती ५ लाख झाली. पिवळं आणि केशरी रेशनकार्ड होतंच, आता पांढरंही आलं. उपचार १३५६ झाले, पुढं यादी आणखी वाढवली. माझं म्हणणं असं की या बदलानं सामान्य घराचा दवाखान्यावरचा रोजचा खर्च हललेला नाही, आणि पैसा चुकीच्या दिशेला वळला आहे.

ही योजना खाटेला बांधलेली आहे. माणूस भरती झाला, त्याच्या आजाराचं पॅकेज यादीत असलं आणि ते रुग्णालय त्या विषयासाठी अंगीकृत (म्हणजे योजनेशी जोडलेलं) असलं, तरच पैसे मिळतात. रक्तदाबाची अॅम्लोडिपिन, साखरेची मेटफॉर्मिन, या गोळ्या योजनेत नाहीत. त्या काही महिने बंद पडल्या, मेंदूत रक्तस्राव झाला किंवा किडन्या गेल्या, की तोच माणूस योजनेत येतो. गोळीला पैसा नाही, कवटी उघडायला आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही तेच. हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक अॅसिड वर्षानुवर्षं रोज घ्यायचं असतं, ठरलेल्या काळानं रक्त तपासायचं असतं. वेदनेचा झटका येऊ नये म्हणून जे लागतं ते सगळं ओपीडीत घडतं, आणि घरातला बहुतेक खर्चही ओपीडी आणि औषधांवरच होतो.

हाच पैसा नागपूरच्या मेडिकल, मेयो आणि डागा या सरकारी रुग्णालयांना दिला असता तर खाट आणि ओपीडी दोन्ही चालल्या असत्या. तिथंही एक गोम आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार मोफत झाले. डागा त्या विभागाचं, म्हणून तिथं मोफत. मेडिकल आणि मेयो वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, म्हणून त्या निर्णयाबाहेर. कामठीहून आलेल्या बाईला हे दोन विभाग कुठून माहीत असणार?

अजनीकर
ओपीडीचं पटतं. पण मर्यादा वाढून काय झालं, हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत. डायलिसिसचं गणित मांडून पाहा. आठवड्याला तीनदा म्हणजे वर्षाला १५६ वेळा. एका वेळचे दीड हजार धरले तर जुने दीड लाख १०० वेळांत संपतात, म्हणजे साधारण आठव्या महिन्यात. त्यात कॅथेटरला जंतुसंसर्ग होऊन एकदा भरती व्हावं लागलं, तर सहाव्याच महिन्यात. पुढचे महिने त्या घरानं काय करायचं? सावकाराकडे नाहीतर दागिन्यांकडे. ५ लाखांत तेच वर्ष पूर्ण निभतं आणि घरातल्या दुसऱ्या आजारी माणसासाठीही रक्कम उरते. मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादाही अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर गेली.

पांढऱ्या कार्डाबद्दलही बोलतो. वर्षाचं उत्पन्न १ लाखाच्या वर गेलं की पांढरं कार्ड. म्हणजे महिन्याला ८३३४ रुपये. बुटीबोरीच्या कंपनीत कंत्राटावर राबणारा कामगार यात सहज बसतो, त्याला श्रीमंत म्हणायचं का? आणि शेतकऱ्यांचं पाहा. आधी १४ आपत्तीग्रस्त जिल्ह्यांतले पांढऱ्या कार्डाचे शेतकरी योजनेत होते. वर्धा त्यात होता, नागपूर नव्हता. म्हणजे आर्वीचा संत्रावाला आत आणि काटोल-नरखेडचा बाहेर. बाग तीच, संत्र्यावरचा कोळशी रोग तोच. हा अन्याय सरसकट केल्यामुळेच संपला.

बिलिंगची_खिडकी
दोघंही मर्यादेवर बोलताय. लोक अडकतात ते तिथं नाही, पूर्वमंजुरीत अडकतात.

पॅकेजचा दर ठरलेला असतो. जनरल वॉर्डची खाट, नर्सिंग, सर्जन, भूल, औषधं, इम्प्लांट, रुग्णाचं जेवण, सुट्टीनंतर १० दिवसांची औषधं आणि घरी जायचं एक वेळचं भाडं, सगळं त्याच रकमेत. रुग्ण जास्त दिवस राहिला किंवा गुंतागुंत झाली तर वरचा खर्च रुग्णालयाच्या अंगावर येतो. त्यामुळे साधी केस लगेच घेतली जाते. साठीच्या पुढचा, मधुमेही, जखम चिघळलेला रुग्ण आला की ‘योजनेची खाट रिकामी नाही’ हे उत्तर मिळतं. ते चूकच आहे, पण त्याचं मूळ दरांत आहे. शिवाय दावा गेला, त्यावर शंका निघाली, शस्त्रक्रियेनंतरचा एक्स-रे किंवा सही राहिली, की रक्कम लटकते. मोठं रुग्णालय ते सोसतं. २०-२५ खाटांचं नर्सिंग होम तीन-चार महिन्यांची थकबाकी सोसू शकत नाही, ते हळूहळू योजनेच्या केसेस कमी करतं. कवच ५ लाखांचं केलं आणि दर जुनेच ठेवले, तर कार्डं वाढतात, खाटा वाढत नाहीत. सुधारणा व्हायची तर आधी दर आणि पैसे देण्याची मुदत सुधारा.

रुग्णाकडून होणाऱ्या चुकाही सांगतो, त्या टाळता येतात. शिधापत्रिकेत ‘सुनिता’ आणि आधारवर ‘सुनीता’. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं नाही, सासरच्यात चढलेलं नाही. आणि सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे आधी रोख भरून भरती व्हायचं आणि चौथ्या दिवशी योजनेचं विचारायचं. पूर्वमंजुरी उपचाराआधी लागते. झालेल्या बिलाची परतफेड या योजनेत नाही.

वैनगंगा_काठ
राजेहो, तुम्ही सगळे नागपुरात बसून नागपूरचंच बोलून राहिले. गडचिरोली या योजनेच्या पहिल्या ८ जिल्ह्यांत होता, २ जुलै २०१२ ला. नागपूर तं २१ नोव्हेंबर २०१३ ला आलं. कार्ड आमच्याकडे आधी आलं, पण डॉक्टर काही आला नाही. भामरागडचा माणूस आजही ३०० किलोमीटरच्या वर प्रवास करून नागपूरले येते. पॅकेजात परतीचं भाडं मिळते, येतानाचं नाही, आणि सोबत आलेल्या दोघांच्या खाण्या-राहण्याचं तं कोणीच देत नाही. रोजी बुडते ते वेगळंच. सिकलसेल आणि डायलिसिसच्या रुग्णाले एसटीच्या साध्या गाडीत सवलत आहे, तेवढाच आधार.

विम्याचा पैसा जिथं रुग्णालय आहे तिथंच जाते. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत आधीच दवाखाने खेटून उभे आहेत, पैसाही तिथंच येणार. आमच्या एटापल्लीत सर्जन बसला पाहिजे, भूलतज्ज्ञ बसला पाहिजे, रक्त साठवायची सोय पाहिजे, मंग कार्डाले अर्थ आहे. माझं मत सरळ आहे : जिथं दवाखाना नाही तिथं विमा म्हणजे गावात विहीर नसताना वाटलेल्या बादल्या.

अजनीकर
@वैनगंगा_काठ, बादलीचं दुःख समजलं. पण तो माणूस विस्ताराआधीही नागपूरलाच येत होता ना? तेव्हा स्वतःच्या पैशानं यायचा. एटापल्लीत सर्जन बसेपर्यंत त्याची हर्नियाची किंवा हृदयाची शस्त्रक्रिया थांबवायची का? दोन्ही कामं सोबत झाली पाहिजेत, एकासाठी दुसरं बंद करणं मला मान्य नाही. शिवाय नागपूर एकट्या महाराष्ट्राचं नाही. मध्य प्रदेशातल्या बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याचे लोक इथंच येतात. त्यांच्याकडे आयुष्मान कार्ड असलं तर केंद्राच्या योजनेखाली राज्याबाहेरही उपचार मिळतात. फुले योजनेला मात्र महाराष्ट्राची शिधापत्रिका लागते. मेडिकलच्या खिडकीवर या दोन कार्डांचा घोळ कायम असतो.

मानेवाडा_चौक
वाद चालू द्या, पण कोणाच्या घरी उद्या वेळ आली तर काय करायचं ते एकदा लिहून ठेवतो.

रुग्णालयात पोचल्यावर पैसे भरायच्या खिडकीआधी आरोग्यमित्राचं, म्हणजे तिथं बसणाऱ्या योजनेच्या माणसाचं, टेबल शोधा. ‘योजना आहे का’ एवढंच विचारू नका, ‘या आजाराच्या विषयासाठी तुम्ही अंगीकृत आहात का’ असं विचारा. हृदयासाठी असलेलं रुग्णालय हाडांसाठी असेलच असं नाही. शिधापत्रिका आणि फोटो असलेलं ओळखपत्र, दोन्ही मूळ प्रती हव्यात. बाळाचं नाव कार्डात नसेल तर जन्मदाखला आणि आई-वडिलांची कागदपत्रं न्या. तातडीची केस असेल तर कागदांसाठी उपचार थांबत नाहीत, फोनवर मंजुरी घेता येते आणि कागद नंतर दिले जातात. हे आरोग्यमित्राला ठासून सांगावं लागतं. डिपॉझिट मागितलं तर तिथूनच १५५३८८ वर फोन लावा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. तरी नाही झालं तर जिल्हा समन्वयक, मग जिल्ह्याची तक्रार निवारण समिती.

आजार यादीत नसेल तर हात टेकू नका. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथं उत्पन्नाचा दाखला लागतो, म्हणून तहसीलचा दाखला घरात काढून ठेवलेला बरा. ७० वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही, आधारवरचं वय चालतं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेतल्या (सीजीएचएस) निवृत्तांना मात्र दोन्हींतलं एकच निवडावं लागतं, ते विचारपूर्वक निवडा.

संत्रानगरी
@अजनीकर, डायलिसिसचं आणि काटोलचं मान्य. तिथं माझं म्हणणं अपुरं होतं. पण मूळ मुद्द्यावरून हलत नाही. २०२४ च्या यादीत १३५६ पैकी ११९ उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव होते. ते राखीव ठेवायचे तर सरकारी रुग्णालयाचं शस्त्रक्रियागृह चालू पाहिजे, भूलतज्ज्ञाची जागा भरलेली पाहिजे. ती जागा रिकामी ठेवून उपचार राखीव करणं म्हणजे गरिबाला तारखेवर तारीख. सरकारी रुग्णालयालाही दाव्याचे पैसे मिळतात, पण पदभरती त्या पैशातून होत नाही.

आणि ते १० दिवस. स्टेंट टाकलेल्या माणसाला अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही मिळून साधारण वर्षभर घ्यायला सांगतात. मध्येच बंद केलं तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा झटका येतो. योजना स्टेंट देते आणि १० दिवसांची गोळी देते. अकराव्या दिवशी त्या घराचं काय?

बिलिंगची_खिडकी
त्याला थोडा उपाय आहे, तो लोकांना कोणी सांगत नाही. २०२४ च्या आधीच्या यादीत शस्त्रक्रियांसोबत १२१ फॉलो-अप पॅकेजेस वेगळी होती, ठरावीक शस्त्रक्रियांनंतरच्या तपासण्या आणि औषधांसाठी. सुट्टीच्या दिवशीच आरोग्यमित्राला विचारा, आमच्या शस्त्रक्रियेला फॉलो-अप आहे का आणि पहिली तारीख कोणती. डिस्चार्ज कार्डावर ती तारीख लिहून घ्या. फॉलो-अप नसेल तर तेच कार्ड घेऊन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारच्या ‘आपला दवाखान्या’त जा. गोळी ब्रँडच्या नावानं मागू नका, औषधाच्या मूळ नावानं मागा. तिथं नसली तर जनऔषधी दुकानात तीच गोळी बरीच स्वस्त मिळते.

वैनगंगा_काठ
आमच्याकडे जनऔषधी दुकान तालुक्याले आहे, गावाले नाही. आशाताईच्या पेटीत बीपीची गोळी महिनाभराची आली तरी पुष्कळ होईल. तेवढं मागतो मी सरकारले, ५ लाखांच्या आधी.