स्पायडर-व्हर्स बघतानाचे तुमचे अनुभव लिहा

काल परत 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स' बघितला, २०१८चा, ऑस्कर मिळालेला. दाराच्या सीनला परत रडलो. माइल्स, म्हणजे नुकताच स्पायडर-मॅन झालेला पोरगा, खुर्चीला जाळ्याने बांधलेला, तोंडावरही जाळं, आणि दाराबाहेर त्याचे पोलीस बाबा बोलतायत, काका गेल्याचं सांगायला आलेत, पण पोराला ओ देता येत नाही. बारावीत माझे बाबा असेच दाराबाहेर उभे राहायचे आणि मी गप्प बसायचो, मला तर कोणी बांधलेलं पण नव्हतं. तुम्हाला काय लक्षात राहिलं? दुसऱ्या भागाबद्दल लिहिलंत तरी चालेल.

*

मी अ‍ॅनिमेशनमध्येच आहे. सेकंदाला २४ फ्रेम असतात, इथे बऱ्याच ठिकाणी एकच पोज दोन फ्रेम धरलीय म्हणजे १२च पोज. जंगलात पीटर, म्हणजे मुरलेला स्पायडर-मॅन, २४वर झुलतो आणि नवखा माइल्स १२वर, त्यामुळे तो अडखळतोय हे बघणाऱ्याला आपोआप जाणवतं. मोशन ब्लर, म्हणजे वेगात हलताना दिसणारा धूसरपणा, नाही, छापील कॉमिकसारखे ठिपके आणि जरासे सरकलेले रंग. आणि माइल्सची इमारतीवरून ती उडी! बोटं काचेला चिकटलेली, तो झेपावतो तेव्हा काच फुटून बोटांबरोबर येते, म्हणजे भीती गेलेली नाहीये तरी उडी मारलीय. नंतर ऑफिसात आम्ही तो शॉट फ्रेम-फ्रेम करून बघितला, कोणी काही बोललंच नाही.

*

दुसरा भाग भारतात १० भाषांत आला, त्यात मराठी होती! जवळच्या थिएटरात मराठी शो नव्हता म्हणून आईला घेऊन पार दुसऱ्या टोकाला गेलो. मुंबॅटनमध्ये, म्हणजे पिक्चरमधल्या मुंबई आणि मॅनहॅटन मिसळलेल्या शहरात, भारतीय स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर रिक्षांवरून उड्या मारायला लागला तशी आईने माझा हात धरला, म्हणाली अरे हा आपल्यातलाच आहे की.

*

पवित्र कॉमिकमध्ये २००४ पासून आहे बरं का. शाळेत असताना मित्राकडून आणून वाचलेला, त्याचं धोतर मी वहीच्या मागच्या पानावर किती वेळा काढलं असेल.

*

आम्ही न्यू जर्सीत. माइल्सची आई मधेच स्पॅनिश बोलते, खाली सबटायटल येत नाही. आमच्याकडे तसंच, मी मराठीत आणि लेक इंग्लिशमध्ये. पिक्चर बघून निघाल्यावर गाडीत बेल्ट लावता लावता ती म्हणाली, "आई, त्याला पण सगळं कळत होतं."